द नाईट सर्कस : मांडणी भन्नाट, शेवट उरकलेला? (स्पॉयलर आहेत)

कंदीलवाली :
स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांना वाचायचीये त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या नकोत.

एरिन मॉर्गनस्टर्नची 'द नाईट सर्कस' एकदाची वाचून संपवली. 2011 ची कादंबरी, आली तेव्हा हॅरी पॉटरनंतर आता हीच अशी हवा केली होती, 2012 ला लोकस मासिकाचा पदार्पणाच्या कादंबरीचा पुरस्कारही मिळाला. मी तेव्हा मुद्दाम वाचली नव्हती कारण सगळेच वाचत होते. आता फँटसी रोमान्सची एवढी लाट आलीये म्हणून म्हटलं जुनं गाजलेलं काहीतरी वाचून बघू.

मांडणी ऐका. दोन म्हातारे जादूगार. एक हेक्टर बोवेन, रंगमंचावर प्रॉस्पेरो नावाने खेळ करतो, याला खरीखुरी जादू येते आणि लोक ती हातचलाखी समजून टाळ्या वाजवतात. दुसरा करड्या सुटातला अलेक्झांडर, ज्याला सावलीच नाही. दोघांची जुनी खुन्नस, कोणाची शिकवायची पद्धत खरी. पण स्वतः लढणार नाहीत, शिष्य लढवणार. हेक्टर आपली सहा वर्षांची पोरगी सीलिया पणाला लावतो आणि दुसरा अनाथाश्रमातून मार्को नावाचं पोरगं उचलून आणतो. पोरीच्या बोटात अंगठी घालतात, ती भाजत भाजत कातडीत रुतते, काढल्यावर व्रण राहतो, झालं, बांधली गेली. आणि आखाडा कुठला तर एक काळीपांढरी सर्कस, जी फक्त रात्री उघडते आणि उजाडलं की बंद. एक तंबू हा करणार, एक तंबू ती करणार. आणि ते एकमेकांच्या प्रेमात पडणार, आणि दोघांपैकी एक मरेपर्यंत खेळ संपणार नाही.

सांगा, एवढं ऐकून कोण पुस्तक खाली ठेवेल?

पहिले दोनशे-अडीचशे पानं मी खरंच त्या सर्कशीत राहायला गेले होते. ते घड्याळ! म्युनिकचा फ्रीड्रिक थिसेन नावाचा घड्याळजी सर्कशीसाठी घड्याळ बनवतो, तासागणिक त्याचे रंग बदलतात, आतनं चित्रं उलगडत जातात आणि मधोमध एक विदूषक चेंडू झेलत असतो, एक वाजता एक चेंडू, दोनला दोन, मध्यरात्री बारा. बर्फाची बाग आहे, त्यात सगळी झाडं फुलं बर्फाची आणि तरी वास येतो. हे सगळं ती इतक्या निवांतपणे सांगते की पान उलटायची घाईच होत नाही.

आणि मग शेवट. थिसेन मरतो, टॅरोवाली इझोबेल आपली जादूची गाठ सोडते, सर्कशीतली कसरतवाली त्सुकिको येऊन सांगते की बाई गं या खेळाचा नियम असा असा आहे, मार्को शेकोटीत जायच्या बेतात, सीलिया त्याला मिठी मारून स्वतःही जाते, दोघं विरघळून सर्कशीतच राहतात, तो बेली नावाचा शेतकऱ्याचा पोरगा येतो, त्याला म्हणतात सर्कस सांभाळशील का, तो म्हणतो हो, शेकोटी पेटते, संपलं. अहो काय! लग्नाचा मांडव तीन दिवस घालायचा आणि मंगलाष्टकं दोन मिनिटांत उरकायची, तसलं झालं हे.

माझं म्हणणं एवढंच आहे की पानं कमी पडली म्हणून शेवट घाईचा वाटत नाही. डाव नेमका काय आहे हेच तिने फार उशिरा सांगितलं म्हणून वाटतो. हरलं तर काय होतं हे सीलियाला माहीत नाही, मार्कोला नाही, मला पण नाही. मग मी तीनशे पानं घाबरू कशाला? आणि जेव्हा कळतं तेव्हा घाबरायला वेळच नाही.

बाकीच्यांना काय वाटलं?

अर्धा_कप :
+1. मला तर पुस्तकातलं प्रेमच पटलं नाही. भेटतात किती वेळा? बोटावर मोजण्याइतक्या. आणि लगेच तुझ्याशिवाय मी नाही.

मुक्ता_बोस्टन :
@अर्धा_कप, त्याला मी असहमत. ते भेटत नाहीत हाच तर मुद्दा ना. ते तंबूंतून बोलतात. मार्को बर्फाची बाग करतो, सीलियाला ती सगळ्यात आवडते. ती इच्छांचं झाड करते, ज्याच्यावर मेणबत्त्या, तुम्ही आधीच्या कोणाच्या तरी मेणबत्तीवरून तुमची पेटवायची. भूलभुलैयात तर एक खोली याची एक खोली तिची. मला पत्रापत्री चालल्यासारखी वाटली ती सगळी सर्कस. अशा वेळी समोरासमोर भेटी हव्यात कशाला?

पण शेवटाबद्दल कंदीलवाली बरोबर आहे. मी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये राहते त्यामुळे बेलीच्या कॉनकॉर्डच्या भागात माझा जीव जास्त अडकला होता. शेत, मेंढ्या, ओकचं झाड, बहिणीने लावलेली पैज की दिवसाउजेडी सर्कशीत घुसून दाखव, आजीचा हट्ट हार्वर्डला जा आणि बापाचा हट्ट शेत बघ. एवढं छान रचलंय आणि त्याने आयुष्य सर्कशीला वाहून टाकायचा निर्णय किती वेळात घेतला? मी चहा केला असता तेवढ्या वेळात.

कंदीलवाली :
मुक्ता, हो हो, बेली! त्याचं म्हणजे घर सुटलं, शेत सुटलं, हार्वर्ड सुटलं, आणि त्यावर एक ओळ नाही की आईबापाला कळवलं का. मराठी घरातलं पोरगं असतं तर आईने थेट न्यूयॉर्क गाठलं असतं.

सोलापुरी_चादर :
खिक्क. आईने डबा पण आणला असता.

बरं मी पुस्तक वाचलं नाही, ऐकलंय. ऑडिओबुक, जिम डेलच्या आवाजात, ज्याने अमेरिकेतले हॅरी पॉटरचे ऑडिओ वाचलेत तोच. आवाज म्हणजे काय सांगू, डोंबिवली ते सीएसटी उभ्याने प्रवास करून पण कळलं नाही कधी आलं. पण एक लोचा आहे. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गाव आणि तारीख दिलीये आणि ती पुढे मागे उड्या मारते. 1886 मधून एकदम बेलीचं 1897, मग परत मागे. छापील पुस्तकात मागचं पान उलटून बघता येतं, कानाला तारीख एकदाच ऐकू येते आणि तेवढ्यात मुंब्रा आलेलं असतं. त्यामुळे मला शेवटी कळेचना की सगळ्या गोष्टी एका रात्रीत येऊन कशा धडकल्या. घाई कमी आणि गोंधळ जास्त वाटला.

झाडाखालचा_वाचक :
विरुद्ध बाजूने बोलतो, दिवे घ्या.

शेवट घाईत आहे हे मान्य नाही. पेरणी सगळी आधी केलेली आहे, फक्त ती आवाज करत नाही. हेक्टर बोवेनचं काय होतं आठवा. तो स्वतःवर प्रयोग करतो, शरीरातून सुटून जागेला बांधलेलं नसणारं काहीतरी व्हायला बघतो आणि फसतो, अर्धामुर्धा भुतासारखा लोंबकळत राहतो, सीलियाच्या मागे मागे कटकट करत फिरतो. वाचताना वाटतं विनोदाला ठेवलाय म्हातारा. पण शेवटी सीलिया जे करते ते तेच आहे, बापाचा फसलेला प्रयोग. बाप कशालाच धरून नव्हता म्हणून विरून गेला आणि हिच्याकडे धरायला अख्खी सर्कस होती म्हणून टिकली. यात घाई कुठे आहे?

दुसरं, मार्को सर्कशीच्या पहिल्या रात्री शेकोटी पेटवतो. तिरंदाज बाराच्या ठोक्यांबरोबर एक एक बाण मारतात आणि ज्वाळेचा रंग बदलत जातो. ती सगळ्या सर्कशीची गाठ आहे हे तेव्हाच कळतं. मग शेवटी शेकोटी विझणं आणि परत पेटवणं हे आलंच की ओघाने.

आपण वेगात वाचतो आणि लेखकाला घाईचं म्हणतो असं तर नाही ना? हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

कंदीलवाली :
झाडाखालचा वाचक, मुद्दा भारी आहे, हेक्टरचं मी एवढं जोडलं नव्हतं. पण मी म्हणतेय ते वेगळंय. यंत्र कसं चालेल हे पेरलंय, कबूल. पण निर्णय पेरलेला नाही. सीलिया उडी मारायच्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला कोणी सांगत नाही. ती ठरवून जातेय का घाबरून जातेय का जमेल न जमेल बघू म्हणून जातेय? जमलं ते मला पटलं. पण ती त्याच्यासाठी काय सोडायला तयार झाली हे मला दिसलं नाही. रोमान्स म्हटल्यावर मला तेवढंच तर बघायचं असतं.

चष्मेबद्दूर22 :
मी प्रागची छत्री आठवून अजून हसते. आठवा, पाऊस पडतोय, सीलिया चुकून दुसऱ्याच कोणाची तरी छत्री उचलून निघते आणि चालता चालता तिच्या लक्षात येतं की आपण एवढ्या पावसात जराही भिजलेलो नाही, ना झग्याची कड ना बूट. आणि मागून मार्को चिंब भिजून धावत येतोय माझी छत्री माझी छत्री करत. तिथे तिला कळतं की आपला प्रतिस्पर्धी हा. याला मात्र किती वर्षं आधीपासून माहीत, तिने चाचणीच्या वेळी अंगातल्या कोटाचा कावळा करून उडवला होता ना तेव्हापासून.

या एका सीनमध्ये जेवढं प्रेम, राग, विनोद, भीती सगळं आहे तेवढं शेवटच्या पन्नास पानांत नाही. म्हणजे बाईंना येत नाही असं नाहीये. येतं. मग शेवटी का नाही केलं?

अर्धा_कप :
@चष्मेबद्दूर22 कारण तोपर्यंत बाईंना सर्कशीवरच प्रेम जडलं होतं, या दोघांवर नाही.

मुक्ता_बोस्टन :
अर्धा कप, बुल्सआय. आणि याला एक कारण पण आहे. ही कादंबरी नॅनोरायमोत सुरू झाली, तो नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचा उपक्रम होता ना, त्यात. ती भलतंच काहीतरी लिहीत होती, कथानक पुढे सरकेना, कंटाळून तिने पात्रांना सर्कशीत पाठवलं आणि मग सर्कसच मूळ कथेपेक्षा आवडायला लागली. आणि मुलाखतीत तिने सांगितलंय की सुरुवातीच्या खर्ड्यात सीलिया नव्हतीच. आधी नुसती सर्कस होती, तंबूमागून तंबू. एजंट लोकांनी परत पाठवलं की बाई छान आहे पण गोष्ट कुठाय, तेव्हा मग बदल करत करत हे आलं.

हे कळल्यावर मला तरी सगळं लख्ख दिसलं. सर्कस आतून आलीये आणि सामना बाहेरून आलाय. शेवटाला सामना संपवायचा होता, ते तिने भराभर केलं, आणि सर्कस वाचवायची होती, ते मन लावून केलं.

कंदीलवाली :
मुक्ता हे सोनं आहे, धागा काढल्याचं सार्थक झालं. सीलिया नव्हतीच?? मला तर सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला प्रसंगच तिचा आहे. बाप खिशातल्या चाकूने तिची बोटांची टोकं एकेक करून चिरतो आणि पोरगी रडत रडत ती जादूने भरते, दहाच्या दहा एकदम भरता आली पाहिजेत म्हणून परत परत. वाचताना मी पुस्तक पालथं ठेवलं होतं.

आणि बघा ना, ज्या मुलीला आपण एवढं सोसताना पाहिलं, अख्खी सर्कस, ती काळी आगगाडी, सगळी माणसं वय न वाढता धरून ठेवायचं ओझं एकटीने वाहताना पाहिलं, तिचा शेवट म्हणजे आता तू इथेच कायमची राहा. मला हा आनंदी शेवट आहे का जन्मठेप हेच कळलं नाही आणि लेखिकेला पण त्यावर थांबायचं नव्हतं.

सांगलीकर_काका :
थोडं अवांतर. धाग्यावर सर्कस निघाली म्हणून राहवलं नाही. या पुस्तकातली सर्कस 1886 साली लंडनला उघडते म्हणे. आपल्याकडे त्याच्या आधीच विष्णुपंत छत्र्यांनी, आमच्या सांगलीकडचे हो, मूळचे अंकलखोपचे, 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस काढली होती. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती, ती बघून यांनी ठरवलं की आपण हे करू शकतो. स्वतः घोड्यावरचे एक नंबरचे. पुढे त्याच माणसाने केरळातल्या तलश्शेरीच्या कुन्हिकन्नन गुरुजींना सर्कशीसाठी पोरं तयार करायला लावलं आणि तिथून अख्ख्या देशाला कसरतपटू मिळाले. यावर कोणी जादूची प्रेमकथा लिहील का? तंबू पांढरा काळा नको, आपला रंगीत चालेल.

माझ्या लहानपणी सर्कस आली की गावावर रात्री तो सर्चलाइट फिरायचा. असो. चालू द्या.

सोलापुरी_चादर :
काका हे खरंच कोणीतरी लिहा. मालक छत्रे, शिष्य एक सांगलीचा एक तलश्शेरीची, दोघं झुल्यावर. शेवट मात्र नीट करा.

गोव्याची_माया :
मला चंद्रेशवर बोलायचंय, कोणीच बोलेना. चंद्रेश क्रिस्तोफ लफेव्र! लंडनमधला नाटकवाला, सर्कशीची सगळी कल्पना याची, मध्यरात्री घरी ती भन्नाट जेवणं घालणारा. नाव बघून मी किती खूश झाले, म्हटलं आपल्या नावाचा माणूस एवढ्या मोठ्या इंग्रजी फँटसीत, तेसुद्धा नोकर वगैरे नाही, मालक.

आणि याचं पुढे केलं काय? मार्को याचा सेक्रेटरी, तो जादूने याची आठवणच पुसट करत राहतो वर्षानुवर्षं, बिचारा पिऊन पिऊन खंगतो, त्याला कळतच नाही की आपल्याच सर्कशीत काय चाललंय. शेवटी संशयाने सर्कशीत जातो, करड्या सुटातल्या म्हाताऱ्यावर चाकू फेकतो आणि तो लागतो थिसेनला. खून याच्या हातून होतो पण घडवला कोणी? ज्याने त्याचं डोकं पोखरलं त्याने. आणि तो मार्को नायक! प्रेमवीर! अरे याने एका माणसाचं मन खाल्लंय, त्याची माफी तरी माग. शेवट घाईघाईत झाला त्याची सगळ्यात मोठी किंमत मला ही वाटते, मार्कोला कोणी जाबच विचारला नाही.

कंदीलवाली :
माया, टाळ्या. हेच हेच. आणि इझोबेल पण घ्या त्यात. तिला याने वर्षानुवर्षं लटकवत ठेवलं, ती टॅरो वाचते, बिचारीने स्वतःहून दोघांचा तोल सांभाळायला गाठ बांधून ठेवली होती, आणि ती गाठ सोडल्यावर जे झालं त्याचा ठपका आपण वाचक सुद्धा तिच्यावरच ठेवतो.

सर्कस उभारायला मदत करणाऱ्या बर्जेस बहिणींमधली तारा घ्या. तिला काहीतरी विचित्र चाललंय एवढं जाणवलं आणि ती सेंट पँक्रस स्टेशनवर गाडीखाली गेली. थिसेन गेला. चंद्रेश संपला. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं, ते दोघं अनंतकाळ हातात हात घालून बागेत. बिल दुसऱ्यांनी भरलं आणि शेवटच्या प्रकरणात त्या बिलाचा उल्लेख पण नाही. मी ज्याला घाई म्हणते ती ही.

झाडाखालचा_वाचक :
हा मुद्दा मान्य करावा लागेल. हेक्टरबद्दल माझं म्हणणं तसंच आहे पण मार्कोच्या हिशोबाचं काही उत्तर माझ्याकडे नाही. त्सुकिकोशी तुलना केली तर अजूनच खटकतं. ती आधीच्या अशाच एका खेळात जिंकलेली आहे, म्हणजे तिच्यासमोरच्या मुलीने, हिनाताने, स्वतःला आगीत संपवलं म्हणून ही जिंकली. आणि त्या मुलीवर हिचं प्रेम होतं. इतकी वर्षं ते घेऊन ती सर्कशीत शरीराच्या घड्या घालून लोकांना खेळ दाखवतीये. तिचं दुःख तीन-चार परिच्छेदात सांगितलंय आणि तरी ते मुख्य जोडीपेक्षा भारी पडतं.

अर्धा_कप :
खरं तर त्सुकिको-हिनाताची कादंबरी हवी होती.

आजीची_पोतडी :
मी स्वतः एका ॲपवर मराठीत अशा मालिका लिहिते, राजकुमार, शाप, तळघरातला आरसा वगैरे, त्यामुळे जरा स्वयंपाकघरातलं सांगते.

या प्रकारात दोन गोष्टी एकदम संपवाव्या लागतात. एक जादूचा पेच आणि एक प्रेमाचा पेच. नवीन लिहिणाऱ्याला वाटतं दोन्ही एकाच फटक्यात सुटले की काय मस्त. शाप तुटला त्याच क्षणी मिठी. आणि होतं काय, वाचकाचं सगळं लक्ष शाप कसा तुटला याकडे जातं, मिठी फुकट जाते. मी आता शिकलेय की पेच आधी सोडवायचा, मग एक अख्खा भाग नुसता दोघांना द्यायचा, ज्यात काही घडत नाही. भांडू देत, चहा पिऊ देत. वाचक कॉमेंटमध्ये ओरडतात की पुढे काय पुढे काय, ओरडू देत. पण खरं सांगू का, तो भाग लिहायचा अतोनात कंटाळा येतो कारण डोक्यात पुढची गोष्ट सुरू झालेली असते. माझे निम्मे शेवट त्यामुळेच लंगडे आहेत.

मॉर्गनस्टर्नने तसं केलं असेल असं मी म्हणत नाही, पण सीलिया मार्को सर्कशीत विरघळल्यानंतर त्या दोघांचा म्हणून एक पूर्ण प्रसंग नाही हे मला पण जाणवलं. तिथून कॅमेरा बेलीवर गेला तो गेलाच.

कंदीलवाली :
पोतडी, तुमच्या मालिकांची नावं सांगा, वाचते. आणि यावरून सुचलं, सगळ्यांना विचारते: तुम्हाला एकच प्रकरण वाढवायची परवानगी दिली तर कुठे वाढवाल? नियम एवढाच की शेवट बदलायचा नाही.

माझं: हिनाताची गोष्ट पुस्तकाच्या मध्यावर आणायची. सीलियाला तेव्हाच कळू दे की कोणीतरी एक जाणार. मग पुढचा प्रत्येक तंबू उभा करताना तिला माहीत असेल की आपण जेवढं सुंदर करतोय तेवढा समोरचा थकतोय. झालं, माझी भीती मला परत मिळाली.

मुक्ता_बोस्टन :
बेली घरी पत्र लिहितोय असं एक प्रकरण. एवढंच. लिहून फाडतोय, परत लिहितोय. बहीण कॅरोलिनला उद्देशून चालेल.

गोव्याची_माया :
मार्को चंद्रेशला भेटतो. भूत म्हणून का होईना. चंद्रेशला सगळं आठवतं आणि तो माफ करत नाही.

सोलापुरी_चादर :
मला काही वाढवायचं नाही, तारखा पुढच्या मागच्या न करता सरळ लावून द्या, मुंब्र्याला उतरायचं असतं लोकांना.

चष्मेबद्दूर22 :
छत्री परत हवी. कुठेतरी शेवटी. बेली पावसात ती उघडतो आणि भिजत नाही.

झाडाखालचा_वाचक :
हे फार गोड होईल चष्मे. त्यापेक्षा हेक्टर आणि अलेक्झांडर. दोघं म्हातारे एकमेकांसमोर बसलेत आणि कोणीच जिंकलं नाही हे कबूल करायचंय. एपिलॉगमध्ये सर्कशीत जन्मलेला विजेट पॅरिसला अलेक्झांडरशी सौदा करतो, सर्कस मोकळी करून घेतो आणि बदल्यात गोष्ट सांगायला लागतो, तो भाग मला अत्यंत आवडतो, पण त्यात हेक्टरचं काय झालं ते निसटतं. ज्या बापाने बोटं चिरली त्याला कोणीतरी ऐकवायला पाहिजे होतं.

अर्धा_कप :
शेवट वाढवला तर अजून कंटाळा येईल असं कोणालाच वाटत नाही का? मी तर मधली शंभर पानं कापून त्यातली जागा देईन. ते दुसऱ्या पुरुषातले 'तुम्ही आत येता, तुम्ही डावीकडे वळता' वाले तुकडे आहेत ना, त्यातले निम्मे.

कंदीलवाली :
नाही हां अर्धा कप, त्या तुकड्यांना हात लावायचा नाही. त्यातल्या शेवटच्या तुकड्यात तुम्ही सर्कशीतून बाहेर पडता आणि हातात बेलीचं व्हिजिटिंग कार्ड येतं, प्रोप्रायटर म्हणून, आणि त्यावर ई-मेलचा पत्ता असतो. म्हणजे सर्कस आत्ता चालू आहे, आपल्या काळात. सगळ्या शेवटात मला तेवढंच मनापासून आवडलं. ते कापलं तर तुमच्यासाठी वेगळा धागा काढीन.

अर्धा_कप :
काढा. दोन तुकडे ठेवतो, पहिला आणि तो कार्डवाला. बाकीचे कापणार म्हणजे कापणार.